नमुना क्रमांक एकशे सेहेचाळीस

मकरपुऱ्याच्या मुलाम्याच्या कारखान्यातून
शीतपेयाच्या जुन्या बाटलीत
पाणी आलं आहे.
पांढऱ्या भिंतीसमोर धरलं तर निळसर,
खिडकीसमोर धरलं तर नुसतं पाणी.
आणणारा पोरगा, नगीन वसावा,
जिन्याजवळच्या स्टुलावर बसून आहे.
शेठनी सांगितलंय, कागद घेऊनच ये.

पिपेटनं पंचवीस मिली घेतलं.
लोखंड मध्ये तोंड घालतं,
त्याचं तोंड बंद करायला चिमूटभर फ्लोराइड.
अमोनियाचे थेंब, गढूळ होईतो,
मग ॲसेटिक, निवळेतो.
रावपुऱ्यातल्या आमच्या या दोन खोल्यांना
कायम लोणच्याचा वास.
घरी पाऊल टाकलं की मुलगी म्हणते,
आली बरणी.

मग आयोडाइड,
आणि निळ्याचं एकदम तपकिरी,
कोऱ्या चहात माती कालवावी तसं.
जेवढं तांबं तेवढं आयोडीन मोकळं,
अणूला अणू.
तांबं स्वतः मोजून घ्यायला पुढे येत नाही,
दुसऱ्याला ढकलतं,
वीजबिलाची तक्रार करायला
आमचे हे मला ढकलतात तसं.

ब्युरेटमध्ये हायपो.
डावा हात तोटीवर, उजवा फ्लास्कच्या मानेवर.
तपकिरी, पिवळं, वाळल्या गवतासारखं.
आता खळ.
सकाळीच उकळून ठेवली आहे,
सुती साडीला करतात तीच, फक्त पातळ.
फ्लास्कची दौत झाली.

थेंब.
थेंब.
अर्धा थेंब, काचेच्या टोकाला लटकलेला,
पाण्याच्या धारेनं उतरवून घेतलेला.
निळं गेलं.

इथेच चुकायचे मी पहिल्या वर्षी.
आकडा लिहून मोकळी.
उपळेकर बाई मागून यायच्या,
गाळाकडे बोट दाखवायच्या:
"पांढरं दिसलं म्हणून उठू नये.
पोटात धरून ठेवलेलं असतं त्यानं."
आणि चिमूटभर थायोसायनेट टाकायच्या.
दुधाळ तळातून निळं परत वर यायचं.
बाई तोवर पुढच्या टेबलाशी गेलेल्या असायच्या.

आजही आलं.
अकरा पूर्णांक चारला संपलं होतं,
अकरा पूर्णांक आठला खरोखर संपलं.
दुसऱ्यांदा अकरा आठ. तिसऱ्यांदाही.
गुणाकार केला.
लिटरला तीनशे मिलिग्रॅम.
परवानगी तीनची.

शेठचा फोन. आवाजात बासुंदी.
"बेन, दोन शून्यं जरा जास्तीची नाही पडली?"
म्हटलं, शून्यं मी टाकत नाही हो,
ती येतात. तीनदा आली.
पलीकडे पंख्याचा आवाज. मग तोही नाही.

नगीननं कागदाच्या चार घड्या केल्या, खिशात ठेवल्या,
आणि बसूनच राहिला.
"बेन, हाताचं पण निघतं?"

नखांच्या कडा हिरव्या.
अंगठ्याच्या भेगेत
देवळातल्या जुन्या घंटेचा रंग.

नियमात नव्हतं. तरी
मोठ्या बीकरमध्ये कोमट पाणी, थोडं ॲसेटिक.
हात बुडवताना भेग चरचरली असावी,
त्यानं फक्त ओठ आत घेतले.
आटवायला पाऊण तास गेला.
तेवढ्यात त्यानं स्टूल सोडून
फळीवरच्या सगळ्या बाटल्यांची लेबलं वाचली,
अक्षर लावून लावून,
सोडियमशी अडखळला नाही.

एक पूर्णांक नऊ.
म्हणजे मिलिग्रॅमहून जरासं वर.

"एवढंच?"
हसला. थोडा हिरमुसलाही, का कोण जाणे.
पाच वाजता शिफ्ट होती त्याची.

फ्लास्क मोरीवर धरला, ओतणार,
आणि हात थांबला.
थायोसायनेट टाकायचं राहिलं होतं.

चपला अजून जिन्यात वाजत होत्या,
वरचा मजला, मधला मजला.
मी चिमूट टाकली, फ्लास्क फिरवला.

निळं परत आलं.